मिनिटाला एकशेऐंशी

बाई शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायच्या, आणि गेले वर्षभर त्यांना एकाच गोष्टीनं झपाटलं होतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकावर माणसं भाजी कशी पिकवतात, हे त्यांना मुलांना शिकवायचं होतं. फळ्यावर नव्हे, हातानं. तिथे पाणी खाली पडत नाही, थेंबाचा गोळा होऊन तरंगतो. मुळांना खाली कुठे तेच कळत नाही. गरम हवा वर जात नाही, म्हणून पंखे लावावे लागतात, नाहीतर पान स्वतःच्याच श्वासात घुसमटतं. बाई हे सांगायला लागल्या की मागच्या बाकावरची टिवल्याबावल्या करणारी मुलंसुद्धा पुढे सरकायची.

शाळेच्या पलीकडच्या रस्त्यावर विज्ञान केंद्र होतं आणि तिथे बाईंचा धाकटा दीर यंत्रं सांभाळायचा. त्या घराण्यात बोलणारे सगळे आणि हातानं काम करणारा हा एकटा, असं बाई नेहमी म्हणायच्या. त्यानं केंद्राच्या पहिल्या मजल्यावर एका जुन्या शीतगृहाच्या खोलीतून झाडांसाठी बंद खोली उभी केली होती. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, हात वर केला की छताला लागावा इतकी उंच. भिंतींना जाड फोमचे पत्रे, दोन्ही बाजूंना रॅक, रॅकवर लाल-निळे दिवे. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे जांभळे दिसायचे. रॅकच्या तीन मजल्यांवर लेट्यूसची अठ्ठेचाळीस रोपं, मुळं मोकळी लोंबकळत, आणि त्यांच्यावर दर काही मिनिटांनी पंपानं खताचं पाणी शिंपडलं जायचं. ज्या दिवशी वर स्थानकात बी पेरलं, त्याच दिवशी त्याच जातीचं बी मुलांनी इथे पेरलं होतं. एकतीस दिवस झाले होते. येत्या शुक्रवारी दोन्हीकडची रोपं कापून वजन करायचं होतं.

त्या दिवशी केंद्राला साप्ताहिक सुट्टी होती. गर्दी नको म्हणून बाईंनी मुद्दाम तोच दिवस निवडला होता. सात मुलं आली होती. पालकांना सांगितलं होतं, एक वाजता फाटकाशी न्यायला या.

"भावजी, आज दार पूर्ण लावा," बाई म्हणाल्या.

दिराच्या कपाळावर आठ्या पडल्या. "वहिनी, आत माणसं असताना मी हे दार नुसतं लोटून ठेवतो. हवाबंद करत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"पंधरा मिनिटं. मुलांना मीटरवरचा आकडा चढताना दिसला पाहिजे. बंद जागेत माणूस असला की हवेचं काय होतं, ते पुस्तकात वाचून कळत नाही."

"आतली मूठ काढलेली आहे. भोकातून हवा गळत होती म्हणून मीच पत्रा मारलाय. आतून उघडता येणार नाही."

"तुम्ही बाहेर आहात ना? मग झालं तर."

त्यानं मान हलवली, पण वहिनीशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. लहानपणी आई गेल्यावर त्याचे डबे याच वहिनीनं भरले होते. "दहा दहा झालेत," तो घड्याळ बघत म्हणाला. "दहा पंचवीसला उघडतो."

बाईंनी मुलांना बूट, दप्तरं, फोन सगळं बाहेरच्या बाकावर ठेवायला लावलं. बाहेरची धूळ नको, बुरशीचे कण नकोत. हा नियम त्यांचाच. त्यांनी स्वतःचाही फोन तिथेच ठेवला. मग दार लागलं, बाहेरचा जाड दांडा खाली पडल्याचा आवाज झाला, आणि चौकटीतली रबरी नळी हवा भरून फुगली तसा कानात हलकासा दाब आला. मुलं खुदकन हसली.

"आता आपण वर आहोत," बाई म्हणाल्या.

दारावरच्या मीटरवर हजाराचा आकडा होता. दहा लाख भाग हवेत कार्बन डायऑक्साइडचे हजार भाग. बाहेर तो चारशेच्या वर-खाली असतो. एक मुलगा वहीत दर मिनिटाला आकडा लिहून घेत होता. त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण कुठल्याही गोष्टीवर त्याचा पहिला शब्द 'पण' असायचा. रोपांची पानं उलटून बघत होती ती माळीणबाई. वय तेरा, पण रोज शाळा सुटल्यावर येऊन रोपांची हजेरी घेणारी, आणि एखादं पान पिवळं पडलं तर जेवण गोड न लागणारी. सगळ्यांत लहानखुरी होती चिंगी. ती नेहमीप्रमाणे बाईंना खेटून उभी होती.

पंधरा मिनिटं मजेत गेली. मीटर तीन हजार सातशेवर आलं. "बघितलंत?" बाई म्हणाल्या. "आठ माणसं, पाव तास. आता उघडतील."

कुणी उघडलं नाही.

बाईंनी दारावर टकटक केलं. फोमच्या पत्र्यानं आवाज गिळून टाकला. दाराला वीतभर काच होती, पण रोपांना बाहेरचा उजेड लागू नये म्हणून तिच्यावर बाहेरून काळा कागद चिकटवलेला. त्यांनी दोन्ही तळव्यांनी दार बडवलं. मग थांबल्या. मुलं बघत होती.

"चहाला गेले असतील काका," एकजण म्हणाला.

"येतील इतक्यात," बाई म्हणाल्या. त्यांना मात्र माहीत होतं, हा माणूस पंचवीस म्हणजे पंचवीस. लग्नाच्या मांडवातसुद्धा तो घड्याळ बघून उभा होता. तो आला नाही याचा अर्थ तो येऊ शकत नव्हता.

दहा बत्तीसला मीटर पिंपिं करायला लागलं. पाच हजार. ही धोक्याची घंटा बाहेर त्याच्या कामाच्या खोलीतही वाजते, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी कान देऊन वाट बघितली. पाच मिनिटं. कुणीच आलं नाही. 

त्यांनी दाराची चौकट बोटांनी चाचपली. जिथे आतली मूठ असायला हवी होती, तिथे चकचकीत पत्रा आणि त्याच्याभोवती वाळलेला चिकट थर. दोन मुलांनी खांदा लावून दार ढकललं. दार तसूभर हललं नाही.

"पुरे," बाई म्हणाल्या. "बसा सगळे खाली. जोर लावला की श्वास वाढतो."

मुलं रॅकच्या मधल्या पट्टीत गुडघे पोटाशी घेऊन बसली. जांभळ्या उजेडात कुणाचा चेहरा पांढरा पडलाय ते कळत नव्हतं. खोलीत उकडायला लागलं होतं. अंगाचा, खताच्या पाण्याचा आणि ओल्या पानांचा मिळून एक कोंदट वास आला होता.

"बाई," वकील वहीवरून मान वर न करता म्हणाला, "मिनिटाला एकशेऐंशी."

"काय?"

"आकडा मिनिटाला एकशेऐंशीनं चढतोय. सुरुवातीपासून. कितीला माणूस मरतो?"

कुणाचा तरी हुंदका फुटला. बाईंना वाटलं, एक थप्पड लगावावी या पोराला. आणि त्याच वेळी वाटलं, यालाच आपण वर्षभर शिकवत आलोय, मोजा, लिहा, मग बोला.

"असं काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "उगाच..."

"पण बाई, झाडं आहेत ना!" माळीणबाई मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात हायसं वाटल्याचा सूर होता. "झाडं तोच वायू घेतात. आपल्याला ऑक्सिजन देतात. आपल्याकडे अठ्ठेचाळीस आहेत. आपल्या वर्गातल्या तक्त्यावर आहे ना, एक रोप, एक श्वास."

सहा तोंडं बाईंकडे वळली. तो तक्ता बाईंनीच रंगवला होता. छान दिसायचा.

हो म्हणणं किती सोपं होतं. मुलं शांत झाली असती, निदान अर्धा तास. मीटर मात्र समोरच होतं आणि वकिलाला वाचता येत होतं. अर्ध्या तासानं त्यांचा बाईंवरचा विश्वास उडाला असता, आणि या खोलीत त्याखेरीज त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तो तक्ता चुकीचा आहे. मी चुकीचा काढला. एका माणसाला पुरेल इतका ऑक्सिजन हवा असेल तर वीस-पंचवीस चौरस मीटर हिरवळ लागते. आपल्याकडे तीन आहे. ही सगळी रोपं मिळून एका माणसाचा आठवा हिस्सा. आणि आपण आठजण आहोत. ही आपल्याला वाचवू शकणार नाहीत."

माळीणबाईनं रोपांकडे बघितलं, जशी काही त्यांनीच तिला फसवलं होतं.

"आता नीट ऐका. वीस हजाराला डोकं दुखायला लागेल, दम लागेल. चाळीस हजाराच्या पुढे माणूस बेशुद्ध पडू शकतो. वकील, एक वाजता किती होतील?"

वकिलानं हिशेब केला. "साडेएकतीस हजार."

"एक वाजता तुमचे आईबाबा फाटकाशी येणार आहेत. म्हणजे तोवर आपण शुद्धीवर असू. त्रास होईल, पण शुद्धीवर असू. हे खरं आहे. मी तुम्हाला आणखी काही खोटं सांगणार नाही."

मुलांची भीती गेली नव्हती, पण तिला काठ मिळाला होता. एकानं तर हळूच विचारलं, "मग झोपून राहिलं तर आकडा कमी चढेल?" बाई म्हणाल्या, हो, आणि सगळे एकमेकांच्या पायांवर डोकी ठेवून आडवे झाले.

एक गोष्ट मात्र बाईंनी सांगितली नव्हती. फाटकाला आज कुलूप होतं. आत कोण, कुठल्या खोलीत, हे पालकांना कळायला आणखी किती वेळ गेला असता कुणास ठाऊक. आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या चिंगीच्या छातीतून बारीक शिटी वाजायला लागली होती.

"तुझा दम्याचा पंप?" बाईंनी कानाशी लागून विचारलं.

"दप्तरात," चिंगी म्हणाली. "बाहेर. तुम्हीच म्हणालात ना..."

बाकीच्यांसाठी एक वाजेपर्यंतचा वेळ होता. चिंगीसाठी नव्हता. त्यांनी तिला उठवून बसवलं, पाठ स्वतःच्या छातीला टेकवली आणि तिच्या कानात मोजायला सुरुवात केली. दोन आकडे आत, चार बाहेर. शिटी थांबली नाही. दहा पंचेचाळीस. सात हजार तीनशे.

"इथून बाहेर काय जातं?" बाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या. "विचार करा. हवा जात नाही, आवाज जात नाही. काय जातं?"

"वीज आत येते," कुणीतरी म्हणालं.

"पाणी," माळीणबाई म्हणाली. ती उठून बसली होती. "पानांवरून सांडलेलं पाणी. त्या कोपऱ्यातल्या नळीतून जातं. बाहेर पॅसेजमध्ये बादली आहे, मी रोज ओतते."

बाई सरपटत त्या कोपऱ्याशी गेल्या. अंगठ्याएवढी नळी फरशीतून बाहेर गेलेली. त्यांनी तोंड लावून हाक मारली. पुढे नळीला वळण होतं आणि वळणात पाणी, हवा अडवायलाच ठेवलेलं. त्यांच्याच आवाजाचे बुडबुडे उमटले.

"एकदा मी बादली ओतायला विसरले होते," माळीणबाई सावकाश बोलत होती, जणू प्रत्येक शब्द जपून वापरायचा होता. "पाणी पॅसेजमधून जिन्यावर गेलं आणि खाली ओघळलं. झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्यावर केवढ्या ओरडल्या. त्यांनी व्हरांडा नुकताच पुसला होता."

"मावशी आज आहेत?"

"सुट्टीच्या दिवशीच त्या सगळा व्हरांडा धुतात."

बाईंनी रॅकखालच्या टाकीकडे बघितलं. चाळीस लिटर खताचं पाणी. बादली पंधराची. पंपाची नळी रोपांकडून काढून त्या भोकात घातली तर पंचवीस लिटर पाणी पॅसेजमध्ये जाईल.

"पण मग रोपांना?" एकानं विचारलं.

मुळं हवेत लोंबकळत होती. पाणी बंद झालं की या उकाड्यात ती तासाभरात माना टाकणार, हे सातही जणांना पाठ होतं. एकतीस दिवस. सुट्टीतसुद्धा पाळ्या लावून आले होते. शुक्रवारचं वजन वर पाठवायचं होतं. बाईंनी नळीला हात घातला, पण सांधा घट्ट होता, त्यांची बोटं घामानं घसरली.

"तुम्हाला नाही जमायचं," माळीणबाई म्हणाली. "तो उलटा फिरवावा लागतो." तिनं बाईंना बाजूला सारलं, सांधा फिरवला आणि नळी उपसली. पाण्याची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. तिनं नळीचं टोक भोकात खुपसलं, ओढणीच्या टोकानं फट बंद केली आणि पंपाचं बटण पुरतं फिरवलं. मग रॅककडे पाठ करून बसली. एकदाही वळून बघितलं नाही.

पंप घरघरत राहिला. टाकीतलं पाणी उतरायला बारा मिनिटं लागली. अकरा वाजून दोन. दहा हजार तीनशे.

मग फक्त वाट बघणं. एका मुलाला उलटी झाली. चिंगीचे खांदे आता प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते, आणि ती रडत नव्हती, रडायला तिच्याकडे हवाच शिल्लक नव्हती. बाई तिच्या कानात मोजत होत्या आणि मनातल्या मनात जिन्याच्या पायऱ्या मोजत होत्या. पाणी आता पहिल्या पायरीवर असेल. आता चौथ्या. आता मावशींना दिसलं असेल. की मावशी आज लवकर उरकून गेल्या?

अकरा बाराला दिवे गेले.

एका क्षणात सगळंच बंद पडलं. पंखे थांबले, पंप थांबला, मीटरचा आकडा विझला. मिट्ट काळोख. मुलांनी जी किंकाळी फोडली, ती बाईंच्या कानात पुढे कितीतरी दिवस राहिली.

"अंधारात झाडंपण आपला ऑक्सिजन घेतात!" वकील ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "बाई, आता तीपण घेणार!"

"अगदी थोडा! जागेवर बसा! हात धरा एकमेकांचे!" बाईंनी आवाज चढवला. मावशींना पाणी दिसलं, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी विजेच्या खोक्यापर्यंत पोचलं असणार आणि मावशींनी शहाण्या माणसासारखा मुख्य खटका पाडला. आणि आता पोछा घेऊन सावकाश पुसत बसतील.

तेवढ्यात आवाज आला. स्स्स्स. दाराच्या बाजूनं.

"वायू सुटला!" कुणीतरी किंचाळलं.

"गप्प!" वकील म्हणाला. सगळे गप्प झाले. "बाई, ती नळी. दाराची. काकांनी दाखवली होती. हवा भरून फुगवतात, सायकलच्या ट्यूबसारखी. वीज गेली की... बाई, ती बसतेय!"

बाईंनी चिंगीला तशीच उचलली आणि काळोखात चाचपडत दारापाशी नेली. फरशीला गाल लावला. दाराखालून दोऱ्याएवढा गारवा येत होता. त्यांनी चिंगीचं तोंड त्या फटीशी धरलं. "इथून घे. इथून. सावकाश."

आणि मग त्या फटीतून, आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या तशा ओरडल्या. बाकीच्या सहाही पोरांनी आवाज मिळवला.

बाहेर बादली आपटल्याचा आवाज झाला. "अगं बाई! कोण आहे आत?"

"मावशी! दार उघडा! दांडा!"

"कुठला दांडा? मी हे दार कधी उघडलं नाही."

"दाराला मोठा लोखंडी दांडा आहे! वर उचला!"

खडखड झाली. दार आणखीच आवळल्यासारखं वाटलं.

"वर, मावशी! खाली नाही, वर!"

"वरच करतेय की गं, हा मेला जड आहे!"

मग खण्णकन आवाज आला आणि दार उघडलं. पॅसेजमधल्या खिडकीचा साधा पांढरा उजेड आत आला. मावशी गुडघ्यापर्यंत साडी खोचून, हातात पोछा घेऊन उभ्या होत्या. "पाणी कुणी सांडलं ते विचारायला आले होते मी," त्या म्हणाल्या.

मुलं धडपडत बाहेर पडली. माळीणबाई धावली ती थेट बाकावरच्या दप्तरांकडे, चिंगीचं दप्तर उलटं करून पंप काढला आणि तिच्या तोंडात दिला. एकदा. दोनदा. बाई तिचे ओठ बघत होत्या. निळसर रंग हळूहळू ओसरला. मग त्यांनी मुलं मोजली. सात. पुन्हा मोजली. सात.

तेव्हा कुठे त्यांना दीर आठवला.

कामाच्या खोलीत कुणी नव्हतं. गच्चीकडे जाणारा दरवाजा उघडा होता. बाई वर धावल्या. थंड हवेचं यंत्र गच्चीवरच्या टाकीमागे, उंच ओट्यावर बसवलेलं होतं, आणि त्याची लोखंडी शिडी आडवी पडली होती. तो शिडीपासून दहा हात लांब, पोटावर पालथा पडलेला होता. एक पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. कोपरं सोलून निघाली होती. मधल्या सगळ्या फरशीवर फरफटत आल्याचा माग होता.

त्यानं मान वर केली. ओरडून ओरडून घसा बसला होता, नुसती हवा बाहेर येत होती. बाई गुडघ्यावर बसल्या. त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"किती झाले होते?" त्यानं विचारलं.

"बारा हजारांवर. बाहेर आहेत सगळे. सातही."

त्यानं डोळे मिटले. "यंत्र खडखडत होतं म्हणून पाच मिनिटांसाठी वर आलो. पडल्यापासून मोजतोय, वहिनी. माझ्या हिशेबानं चौदा होते." आणि मग तो मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

पालकांना फोन बाईंनीच केले, एकेक करून, काहीही न लपवता. दोघा-तिघांना दोनदा सांगावं लागलं.

मुख्याध्यापक संध्याकाळी घरी आले. भले गृहस्थ. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "बाई, उद्या सभेत आपण असं म्हणू, केंद्राच्या कर्मचाऱ्याकडून दुर्लक्ष झालं. तो जागेवर नव्हता, हे खरंच आहे. तुमच्यावर येणार नाही."

बाईंचे यजमान दारात उभे होते. तो कर्मचारी त्यांचा सख्खा भाऊ होता, आणि त्या क्षणी पाय जोडून घ्यायला शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. ते बायकोकडे बघत राहिले.

"त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "दोनदा. मी ऐकलं नाही. मी हे लिहून ठेवलंय." त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला.

सभा दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयात झाली. चिंगीचे वडील उभे राहून बोलले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "माझ्या मुलीचा पंप तुम्ही बाहेर ठेवायला लावलात," ते म्हणाले. "मला दुसरं काही विचारायचं नाही. फक्त हे का केलंत?"

"मला रोपांची काळजी होती," बाई म्हणाल्या. "तिची करायला हवी होती. ती केली नाही."

बाईंनी आणखी काही जोडलं नाही. माफी मागितली, पण कारणं दिली नाहीत. दुसऱ्या एका आईनं विचारलं, "आणि पोरांना तो चाळीस हजाराचा आकडा कशाला सांगितलात? माझा मुलगा रात्रभर झोपला नाही."

यावर बाई बोलायच्या आत दारापाशी उभा असलेला वकील म्हणाला, "पण मीच विचारलं होतं." त्याच्या आईनं त्याला बखोटीला धरून बाहेर नेलं.

निर्णय तासाभरात झाला. बाईंनी शाळेत शिकवत राहावं, मात्र वर्षभर मुलांना वर्गाबाहेर कुठेही न्यायचं नाही. बंद खोलीला कुलूप. दिराची नोकरी टिकली, कारण तो कागद केंद्राच्या साहेबांकडेही गेला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सही केली. जास्त कडक काही झालं असतं तरी त्यांनी केली असती.

रोपांपैकी एकतीस जगली. शुक्रवारी केंद्राच्या साहेबांनी ती ट्रेमध्ये घालून शाळेत पाठवली, आणि मुलांनी ती प्रयोगशाळेच्या टेबलावर, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून कापली, तोलली. वजनं वाईट होती. माळीणबाईनं ती मोठ्यानं वाचली, एकही न गाळता. चिंगी त्या दिवशी आली नव्हती. सोमवारी आली, वडिलांच्या हाताला धरून. वडील वर्गाच्या दारापर्यंत आले, खिशातून एक जादा पंप काढला आणि बाईंच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "टेबलाच्या खणात नको. अंगावर."

बाईंनी तो कुर्त्याच्या खिशात ठेवला. ते गेले. चिंगी आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.